ऐनाची राख

हे मी अजून कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, भावाच्या नाही. देवळात जातो, हात जोडतो, आणि नेमकं एवढं सोडून बाकीचं सगळं देवाला सांगतो. देवाला ठाऊक असणारच — पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि माझ्या तोंडून ऐकणं वेगळं, नाही का? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून बहुधा तुमच्यापाशी जमेल.

बहुधा म्हणतो, कारण माझी एक खोड आहे. हे सांगायला बसलो की मी भलतंच काहीतरी सांगत सुटतो — कामाच्या गोष्टी, धंद्यातल्या खुब्या. मिस्त्री माणूस, बोलायला लागला की आपल्या हाताचं कौतुक करणारच. तेव्हा ते आधी उरकून घेऊ.

मी जातीचा परीट. खालापुरात पाताळगंगेच्या काठी बापाची भट्टी होती. चौथीपर्यंत शाळेत गेलो आणि मग दहा वर्षं गावाचे कपडे धुतले. धुण्याची मला लाज नव्हती हो. लाज वाटायची ती धुतलेले कपडे देऊन झाल्यावर भाकरीसाठी दारात उभं राहायची. 'गण्या, थांब जरा' म्हणून बाई आत जायची आणि विसरायची. अशा किती दारांत मी किती वेळ उभा राहिलो असेन! त्या उभं राहण्यातून सुटायला मी काय वाटेल ते केलं असतं. पुढे केलंही.

खोपोलीच्या नाक्यावर, जिथून घाट चढायला लागतो, तिथे उस्मानभाईंचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायचा — पत्र्याची पडवी, एक भाता, एक ऐरण. उस्मानभाई कोकणी मुसलमान, आगबोटीच्या इंजिनाशी अर्धं आयुष्य घालवून परतलेले. घाटात तापलेल्या मोटारी आणि फटफट्या त्यांच्या दारात येऊन धापा टाकायच्या. आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस फटफटीला मानवत नाही. रंगाला फोड येतात आणि फोडाखाली गंज धरतो. दसरा झाला की मुंबई-पुण्याचे हौशी लोक गाड्या खोलून नवा रंग द्यायला पाठवायचे. आता, नवा रंग कुणीही देईल. जुना काढायचा कुणी? उस्मानभाई छिन्नीने खरवडत बसायचे. चार दिवस जायचे आणि नळ्यांवर ओरखडे उठायचे ते वेगळंच.

एकदा त्यांचे कपडे द्यायला गेलो आणि ते खरवडणं बघून मला हसू आलं. रागावून म्हणाले, "हसतोस काय रं? तूच काढून दाव मग."

काढून दाखवला. परटाला खार कळतो. कॉलरचा मळ काय आणि फटफटीचा रंग काय, दोन्हीकडे चिकटपणा तेलाचाच. कडक राखेचं पाणी चुन्याबरोबर उकळलं, त्यात लोखंडी दांडा बुडवला आणि तासाभरात रंग दुधावरच्या सायीसारखा सुटून वर आला. काळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली शेंदरी, आणि त्याखाली स्वच्छ लोखंड. मग काथ्याने घासायचं, चिंचेच्या पाण्याने धुवायचं, उन्हात वाळवून लगेच तेलाचा हात फिरवायचा. उस्मानभाईंनी दांडा फिरवून फिरवून बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून मला ठेवून घेतलं. महिन्याभरात नाक्यावरचे लोक मला गणूमिस्त्री म्हणायला लागले. कुणाच्या दारात उभं राहणं संपलं.

बघा, मी अजून राखेच्या गोष्टीच करतोय. पण ती राख आणायचा कोण, ते सांगायलाच हवं.

राख आणायचा चाहू ठाकर. घाटाच्या पोटात त्यांची वाडी. माझ्याच वयाचा, उंच, कमी बोलणारा. त्याला रानातला प्रत्येक पाला ठाऊक आणि कुठल्या झाडाची राख कशी हेही ठाऊक. सगळ्यांत कडक राख आघाड्याची, हे मला त्याने शिकवलं. मी मात्र उस्मानभाईंना सांगताना ते माझंच असल्यासारखं सांगितलं — पण ही चोरी लहान आहे, तिच्यासाठी मी तुम्हाला बसवून ठेवलेलं नाही. चाहू आठवड्यातून दोनदा दोन टोपल्या घेऊन उतरायचा. एकीत आघाड्याची राख, दुसरीत भाताच्या तुसाची.

दोन कशाला? कारण फटफटीत दोन जातींचे धातू असतात. सांगाडा लोखंडी. त्याला कितीही कडक पाणी चालतं, लोखंडाचं वाकडं होत नाही. पण इंजिनाची पेटी, तिची झाकणं वगैरे जर्मनची — ज्याची हलकी पांढरी भांडी हल्ली बाजारात येतात, तो धातू. जर्मनला कडक पाणी लागलं की संपलं, धातूच विरघळतो. म्हणून आमच्याकडे दोन भांडी होती. लोखंडासाठी चुलीवरचं पिंप, त्यात आघाडा आणि चुना. जर्मनसाठी कोपऱ्यातला मातीचा रांजण, त्यात रिठे आणि तुसाची मवाळ राख. आणि उस्मानभाईंचा एक कायदा होता. पडवीच्या खांबाला त्यांनी एक लोहचुंबक टांगून ठेवला होता. प्रत्येक वस्तू आधी चुंबकाला लावायची. चिकटली तर पिंपात, नाही चिकटली तर रांजणात. रंगाखाली धातू दिसत नाही, म्हणून हा कायदा. 'डोळ्यावर इश्वास ठेवू नको, चुंबकावर ठेव,' असं ते मला रोज सांगायचे आणि मी रोज मान डोलवायचो.

आता तुम्हाला कळलंच असेल. हो. मी चुंबक लावला नाही.

खंडाळ्याला बंगला असलेल्या एका गोऱ्या साहेबाची फटफटी होती. त्याने हौसेने इंजिनाची पेटीसुद्धा सांगाड्यासारखीच काळी रंगवलेली. आतले लोखंडी तुकडे तसेच राहिलेले, त्यामुळे वजनालाही जड. पण हे मी सांगतो कशाला? वजनाने फसलो असं तुम्हाला वाटावं म्हणून? फसलो नव्हतो. मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. शुक्रवार होता, दुपार, हात बुळबुळीत झाले होते आणि चुंबक दहा पावलांवर होता. उरलेल्या चार वस्तू मी एकदम पिंपात सोडल्या आणि विहिरीवर भाकरी खायला गेलो. दहा पावलांचा आळस. बाकी काही नाही.

भाकरी खाऊन आलो तर पिंपातून भजी तळल्यासारखा आवाज येत होता. फेस उतू जात होता. आकड्याने पेटी वर काढली. कसर लागलेलं रेशीम असतं ना, तशी झाली होती. कडा खाल्लेल्या, भोकं पसरलेली, एका बाजूला बोट आरपार जाईल असा खड्डा.

उस्मानभाई नमाजाला गेले होते. ते परत आले तेव्हा पेटी रांजणात होती. ती पिंपातून रांजणात कशी गेली, ते सांगतो — पुढे सांगतो. आत्ता तोंड होत नाही.

त्यांनी पेटी हातात घेतली. त्यांचा चेहरा उतरला. आगबोटीवर काम केलेला माणूस, ओरडला नाही. एवढंच विचारलं, "चुंबक लावला व्हतास?"

"लावला होता."

"आन रांजणात टाकलीस?"

"रांजणातच."

मग त्यांनी दारातल्या कोंबडीचं एक पीस उपटून आणलं आणि रांजणातल्या पाण्यात धरलं. खार मवाळ असेल तर पिसाला काही होत नाही. कडक असेल तर ते चिकट होऊन गळतं. पीस गळलं. उस्मानभाईंनी रांजणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय केलं? मी फक्त कोपऱ्यातल्या टोपलीकडे बघितलं. तुसाच्या राखेच्या टोपलीकडे. तेवढ्याने भागलं.

चाहू त्याच वेळी घाटावरून नव्या टोपल्या घेऊन उतरत होता. डोक्यावरचं ओझं खाली ठेवायच्या आधीच उस्मानभाईंनी त्याला विचारलं, या वेळची राख कसली होती? आणि चाहूने — त्याला खोटं बोलायचं सुचलंच नाही — खरं ते सांगितलं. "तूस कमी पडला व्हता, भाय. चुलीतली ऐनाची राख घातली हाय, दोन वंजळी."

दोन ओंजळी ऐनाची राख. ऐन म्हणजे आमच्याकडचं रोजचं सरपण, घरोघरच्या चुलीत तेच जळतं. माझ्या बापाने जन्मभर भट्टीत ऐनाचीच राख वापरली आणि तिने साधा आंब्याचा डागसुद्धा कधी निघाला नाही. दोन ओंजळी सोडा, दोन टोपल्या घातल्या असत्या तरी त्या पेटीचा केस वाकडा झाला नसता. त्या पडवीत हे कळणारा माणूस एकच होता. मी. मी मान हलवली आणि म्हणालो, "तरीच."

एक शब्द. तरीच. तो उच्चारायला किती वेळ लागतो?

साहेब दुसऱ्या दिवशी आला आणि त्याने आकाशपाताळ एक केलं. एतद्देशीयांनी मुद्दाम केलेली नासधूस आहे, असं म्हणाला. फौजदाराला बोलावलं. कारखान्याला कुलूप लागायची वेळ आली तेव्हा कुणाचं तरी नाव देणं भाग होतं, आणि ठाकराचं नाव देणं सगळ्यांत सोपं असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. खालापूरच्या चौकीत चाहूला तीन दिवस ठेवलं. मी तीन दिवस काम केलं. पिंपाखाली जाळ घातला, सांगाडे बुडवले, काढले, घासले. जेवलो. झोप लागली नाही असं सांगावंसं वाटतं — पण लागली.

तिसऱ्या दिवशी उस्मानभाई साहेबाची समजूत घालून आले आणि मला घेऊन चौकीत गेले. तिथे मी चाहूसाठी रदबदली केली. चांगली केली. "अडाणी माणूस आहे साहेब, रानातला. मुद्दाम करणारा नाही. माझ्या शब्दावर सोडा." फौजदाराने सोडलं. चाहूचे दोन्ही पंजे सुजून हे एवढाले झाले होते, बोटं मिटत नव्हती. ते तसेच जोडून तो मला म्हणाला, "गणूदादा, तुमी नसता त मी हितंच सडलो असतो."

उस्मानभाईंना वाटलं माझ्या डोळ्यांत पाणी आलंय ते दयेने.

आता ते पेटीचं सांगतो. इतका वेळ मी काय करत होतो ते तुमच्या ध्यानात आलं असेल. चूक झाली, भ्यालो, तोंडातून खोटं निघून गेलं — असं सगळं घसरत घसरत झाल्यासारखं मी सांगत आलो. तसं झालं नाही.

पेटी मी पिंपातून काढली तेव्हा पडवीत कुणी नव्हतं. आधी माझी पाचावर धारण बसली, हे खरं. पण ती थोडाच वेळ. मग डोकं थंड झालं — इतकं थंड की मला आजही त्याचं नवल वाटतं. मी पेटी नेऊन रांजणात बुडवली. मग लक्षात आलं, उस्मानभाई पिसाने पाणी बघतील, आणि रांजणातलं पाणी मवाळ आहे. म्हणून मी बादली घेतली. पिंपातलं कडक पाणी बादलीभर काढलं आणि रांजणात ओतलं. ढवळलं. आणखी अर्धी बादली ओतली. जमिनीवर सांडलेलं पुसलं, बादली धुऊन पालथी घातली, आणि स्वतः एक पीस आणून बुडवून बघितलं — गळतंय ना. गळलं. मगच मी बाहेर जाऊन बसलो.

बघितलंत? 'तरीच' म्हणायच्या आधी, टोपलीकडे नजर टाकायच्या आधी, चाहू अजून घाटात होता तेव्हाच मी सगळी तयारी करून ठेवली होती. त्याने ऐनाची राख घातल्याचं मला ठाऊक नव्हतं. घातली नसती तरी पीस गळलंच असतं, आणि राख आणणारा तोच होता. तो काय बोलतो याच्यावर काहीच अवलंबून नव्हतं.

ती बादली माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

त्यानंतर चाहूने राखेला हात लावला नाही. उस्मानभाईंनी त्याला येऊ नको असं सांगायची गरजच पडली नाही, तो आपणहून आला नाही. नेरळवरून माथेरान चढला आणि हातरिक्षा ओढायला लागला. डोंगरातल्या चढणीवर साहेब-मडमांना बसवून रिक्षा ओढायची, एक पुढे, दोन मागे. ज्या माणसाला पानाचा वास घेऊन झाड सांगता यायचं, तो बारा वर्षं लाल मातीत दुसऱ्याची चाकं ढकलत राहिला.

आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमाराला, तो खोपोलीला उतरायचा. माझ्याकडे. बांबूच्या नळीत मध, फडक्यात करांदे, कधी सुकवलेली आळंबी. "तुमी सोडवलंत," म्हणायचा आणि ओटीवर ठेवायचा. माझी बायको त्याची वाट बघायची. असा उपकार जाणणारा माणूस मिळायचा नाही, म्हणायची. तुम्हाला वाटेल तो मध माझ्या घशाखाली उतरत नसेल. उतरायचा. गोड असायचा. मी पोळीला लावून खायचो आणि चाहू समोर बसून मी खातोय याकडे समाधानाने बघायचा. त्याला कसं सांगणार होतो — येऊ नको? का येऊ नको? प्रत्येक वर्षाने ती गोष्ट सांगणं आणखी अवघड होत गेलं. पहिल्या दिवशी सांगितली असती तर एक पेटी बिघडवल्याची कबुली होती. वर्षाने सांगितली असती तर एका माणसाला मार खायला लावल्याची. पाच वर्षांनी सांगायची म्हणजे पाच वर्षांचा मधही त्यात आला. दार रोज थोडं थोडं अरुंद होत होतं आणि मी ते बघत आत बसलो होतो.

उस्मानभाईंची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी रंगाचं सगळं काम माझ्या स्वाधीन केलं. चार लोकांसमोर म्हणाले, "ह्या गण्याच्या शबदावर मी गोऱ्या सायबाशी भांडलोय." लोकांनी माना डोलावल्या. मी काय केलं असेल? मीही डोलावली.

एका दिवाळीला चाहूने मला विचारलं, "दादा, येक इचारू? त्या राखंत नक्की काय वाईट व्हतं? ऐनच ना? म्हंजी वाडीत पोराबाळांना सांगून ठेवीन. माजं झालं ते दुसऱ्याचं नको."

इतका चांगला प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. दोघंच होतो. बायको नदीवर गेली होती. 'ऐन नव्हे रे, चाहू, मीच' — पाच शब्द होते. मी पानाला चुना लावत म्हणालो, "हो. ऐनाची राख धातूला वाईट. धातू खाते ती."

तो उठला तेव्हा हायसं वाटल्यासारखा दिसला. निदान आता त्याला कारण ठाऊक होतं.

दोन वर्षांनी कर्जतच्या बाजारात एका तांबटाच्या दुकानाशी मी उभा होतो. शेजारी एक म्हातारी ठाकरीण नातसुनेला तांब्या घेऊन देत होती. मोठ्या हौसेने, बोटं फिरवून फिरवून घेतला. मग तिला बजावायला लागली, "चुलीतली राख लावू नको गं ह्याला. ऐनाची राख धातू खाते. तूस जाळून त्याची लाव, नायतर नदीची वाळू. चाहूला चौकीत घातला व्हता त्या राखंपायी." आणि मी ऐकतोय असं बघून माझ्याकडे वळून म्हणाली, "नाय का वो दादा?"

चुलीत फुकट पडलेली राख सोडून त्या बायका वाळूसाठी नदीवर उतरतात. किती वाड्यांतल्या उतरतात कुणास ठाऊक. माझं खोटं त्यांच्याकडे शहाणपण होऊन बसलं आहे आणि आया ते लेकींना देतात. मी म्हातारीला काय सांगितलं असेल, ते आता तुम्हीच ओळखा. "हो," म्हणालो. "खाते."

गेल्या वर्षी चाहू उतरला नाही. कार्तिकात त्याच्या वाडीचा एक माणूस निरोप घेऊन आला की छाती धरली आहे, अंथरुणाला खिळला आहे आणि तुम्हाला बोलावतो आहे. मी सकाळी निघालो. वाटेत दोनदा बसलो. दमलो म्हणून नाही. आज सांगायचं, हे मी पहिल्यांदाच ठरवलं होतं आणि वाक्यं जुळवत होतो. चुंबक लावला नाही, इथून सुरू करायचं. मग बादली. काही गाळायचं नाही. आळसाचं, भीतीचं काही बोलायचं नाही, नुसतं केलं ते सांगायचं. तो माथेरानच्या साहेबांना ओढून ओढून छाती फुटून मरतो आहे, निदान कुणाच्या चुकीने ते त्याला कळू दे.

झोपडी शेणाने नुकती सारवलेली होती. चाहू घोंगडीवर पडला होता, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. बायको बुधी उशाशी होती. मला बसायला घोंगडी टाकली आणि पाहुण्याला पाणी हवं म्हणून झऱ्यावर गेली. झरा लांब आहे. आम्ही दोघंच उरलो. याहून चांगली वेळ कुणी कुणाला देऊ शकत नाही.

मी तोंड उघडलं. पण आधी तोच बोलला. एकेक शब्द सुटा करून, मधे श्वास घेत बोलला. "दादा, बारा वर्सं झाली. तुमी कदी तोंडानं काढलं नाय. पन मला ठावं हाय — माज्या राखंनं तुमची मान खाली गेली. भायनी तुमाला सांबाळलं म्हनून. नायतर तुमीबी गेला असता. ते मनातून जात नाय माज्या. येकदा, माफ केलं, म्हना. म्हंजी जातो."

बारा वर्षं तो मध घेऊन येत होता तो आभाराचा नव्हता तर. निदान सगळा नव्हता. तो माझ्याकडे माफी मागायला येत होता, आणि मागायचं धाडस होत नाही म्हणून मध ठेवून जात होता. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी माझ्याजवळ होती. एकही विसरलो नव्हतो. चुंबक लावला नाही, इथून सुरुवात होती.

"माफ केलं," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या, श्वाससुद्धा जरा सोपा झाला. झऱ्यावरून बुधी आली तेव्हा त्याने तिला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "मिस्त्रींनी माफ केलं गं."

बुधीने डोक्यावरची घागर खाली ठेवली, पदर सारखा केला आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.